डावं पॅनल, उजवं पॅनल

पुराभिलेखात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसभर काय करता? कागद वाचतो, असं उत्तर येईल. खरं उत्तर वेगळं आहे. आम्ही फोनवर फोटो काढतो आणि मग पुढची दोन-तीन वर्षं ते फोटो जागेवर लावत बसतो. म्हणून डेस्कटॉपसाठी दोन पॅनलचा फाइल मॅनेजर कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर कॉम्प्युटरवाल्यांचा वाटला तरी तो आमच्या धंद्याचा प्रश्न आहे. त्याला स्वतःचा इतिहासही आहे, आणि तो माहीत असला की निवड सोपी जाते.

आधी उदाहरण घेऊ. मी नॉटिंगहॅममध्ये पोस्टडॉक करते. इथल्या विद्यापीठाच्या किंग्ज मेडो कॅम्पसवर, एके काळच्या टीव्ही स्टुडिओच्या इमारतीत, हस्तलिखितांचा विभाग आहे. तिथे लॉर्ड विल्यम बेंटिंकची कागदपत्रं आहेत. हो, तोच, १८२९चा सतीबंदीचा कायदा करणारा गव्हर्नर जनरल. त्याचे कागद इथे येण्याचं कारण साधं आहे. तो पोर्टलंडच्या ड्यूकचा मुलगा, आणि त्या घराण्याचं घर म्हणजे वेलबेक ॲबी, याच नॉटिंगहॅमशायरमध्ये. म्हणून या कागदांच्या क्रमांकाची सुरुवात 'पीडब्ल्यू'ने होते: पोर्टलंड, वेलबेक. पुढची 'जेएफ' ही अक्षरं म्हणजे बेंटिंकचा हिस्सा. क्रमांक वाचला की कागद कुठल्या घरातून आला ते कळतं.

आता फोनने काढलेला फोटो बघा. त्याचं नाव 'आयएमजी_४८२१'. त्यात ना वेलबेक, ना बेंटिंक. फोटो ४८२१ आणि ४८२२ हे एकाच पत्राचे दोन भाग आहेत, की एक पत्र संपून मुंबईचा गव्हर्नर माल्कम याचं दुसरं पत्र सुरू झालंय, हे फक्त काढणाऱ्याला माहीत असतं, आणि तेही त्या आठवड्यापुरतंच. तेव्हा डावीकडे कॅमेऱ्याचा क्रम आणि उजवीकडे पुराभिलेखाचा क्रम असे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर हवेत. जुन्या पेढीवरच्या कारकुनाला हे समजावून सांगावं लागलं नसतं. कीर्दीत रोजच्या नोंदी जशा घडल्या तशा, खतावणीत त्याच नोंदी खात्याप्रमाणे. दोन्ही वह्या शेजारी उघड्या ठेवूनच खतावणी करायची असते. एक वही मिटून, लक्षात ठेवून, दुसरी उघडून लिहायला बसलात तर चूक ठरलेलीच.

विंडोज एक्सप्लोरर आपल्याला नेमकं हेच करायला लावतो. फाइल 'कट' करा, खिडकीतून बाहेर पडा, दुसरीकडे जा, 'पेस्ट' करा. मधल्या वेळात ती फाइल कुठे आहे? जागेवरच असते, फक्त थोडी फिकट दिसते. दोन खिडक्या शेजारी लावून माउसने ओढणं हा दुसरा मार्ग. पण तिथे आणखी एक गंमत आहे. त्याच डिस्कवर ओढलीत तर फाइल हलते, दुसऱ्या डिस्कवर ओढलीत तर तिची नक्कल होते. हाताची हालचाल एकच, परिणाम दोन. ज्याची मूळ प्रत हलता कामा नये अशा माणसाने हे चालवून घ्यावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

दोन पॅनलच्या प्रोग्रॅममध्ये पडदा उभा दुभंगलेला असतो. दोन्ही बाजूंना फाइल्सच्या पूर्ण याद्या. एक बाजू चालू, दुसरी बाजू मुक्कामाची. टॅब दाबलं की बाजू बदलते. एफ५ म्हणजे नक्कल, एफ६ म्हणजे हलवणं, एफ७ नवं फोल्डर, एफ८ पुसणं. एफ५ दाबलं की प्रोग्रॅम आधी विचारतो, 'अमुक फाइल अमुक ठिकाणी?' मुक्कामाचा पत्ता त्याने समोरच्या पॅनलवरून स्वतःच भरलेला असतो. एक्सप्लोररमध्येही डावीकडे फोल्डरांचं झाड दिसतं, पण ती दुसरी बाजू नव्हे. ती अनुक्रमणिका झाली.

ही रचना आली फ्लॉपीतून. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी १६० किलोबाइटची. आजच्या फोनचा एक फोटो साठवायला अशा पंधरा-वीस फ्लॉप्या लागतील. दोन ड्राइव्ह असले तर एक 'ए', दुसरा 'बी', आणि आज्ञा द्यायची: ए वरून बी वर नक्कल कर. पैसे कमी असले आणि एकच ड्राइव्ह असला, तर डॉस त्यालाच आळीपाळीने ए आणि बी मानायचं. आता बी ची फ्लॉपी घाला, आता ए ची घाला, असं सांगत राहायचं. म्हणजे यंत्रात जागा एकच असली तरी हिशोबात दोन जागा लागायच्याच: कुठून आणि कुठे.

हा हिशोब पडद्यावर मांडला जॉन सोचाने. १९८४मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात उपयोजित भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता आणि स्वतःच्या सोयीसाठी 'व्हिज्युअल डॉस' नावाचा प्रोग्रॅम लिहीत होता. पुढे तो पीटर नॉर्टनच्या कंपनीत गेला आणि १९८६मध्ये हाच प्रोग्रॅम 'नॉर्टन कमांडर' नावाने बाजारात आला. निळा पडदा, दोन याद्या, तळाला एफ-कीजची पट्टी. त्याच काळात, १९८४मध्ये, ॲपलचा मॅकिंटॉश आला होता. त्यात फोल्डरांची चित्रं, कचऱ्याचा डबा, माउस. भविष्य कुणाचं हे तेव्हाच दिसत होतं. तरीही निळा पडदा मेला नाही.

तो सगळ्यात जास्त जगला पूर्व युरोपात. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या आसपास तिथे पीसी पोचले ते हळू, कमी मेमरीचे, आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरणाऱ्या सॉफ्टवेअरसह. अशा यंत्रावर विंडोजचा थाट परवडत नव्हता. नॉर्टन कमांडर परवडायचा, आणि तोही जड वाटला तर आणखी हलका लिहिता यायचा. युक्रेनच्या व्सेवोलोद वोल्कोवने तो पूर्ण असेंब्ली भाषेत लिहिला. 'वोल्कोव कमांडर' ६४ किलोबाइटच्या आत मावायचा. मोल्दोव्हात 'डॉस नेव्हिगेटर' झाला. १९९६मध्ये, रार फाइल ज्याच्या नावावरून ओळखली जाते त्या येवगेनी रोशालने 'फार मॅनेजर' आणला. याच सुमारास निकोलाय बेझरुकोव्ह यांनी या सगळ्या कुळाला नाव दिलं: 'ऑर्थोडॉक्स' फाइल मॅनेजर. म्हणजे आपल्याकडचे सनातनीच म्हणा की. सोवळंही तसंच कडक. दोन पॅनल हवेत, खाली आज्ञेची ओळ हवी, कीबोर्डवर सगळं झालं पाहिजे.

पण याला गरिबीची तडजोड म्हणून सोडून देणं चूक ठरेल. स्वित्झर्लंडमध्ये काही मेमरीची टंचाई नव्हती, आणि तिथल्या क्रिस्टियान गिस्लरने १९९३मध्ये 'विंडोज कमांडर' काढला. २००२मध्ये ट्रेडमार्कच्या कारणावरून त्याचं नाव 'टोटल कमांडर' झालं. तो आजही चालतो, त्याच एफ५-एफ६वर. ऑस्ट्रेलियात जोनाथन पॉटरने १९९०मध्ये अमिगा कॉम्प्युटरसाठी 'डिरेक्टरी ओपस' लिहिला. तोही विंडोजवर अजून विकला जातो. ज्यांना रोज शेकडो फाइल्स इकडून तिकडे न्याव्या लागतात, त्यांना श्रीमंती आल्यावरही दोनच पॅनल हवे होते.

लिनक्सची कथा तर मला सगळ्यात बोलकी वाटते. मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझाने १९९४मध्ये 'मिडनाइट कमांडर' लिहिला, पक्का सनातनी. त्यानेच १९९७मध्ये ग्नोम डेस्कटॉप सुरू केला आणि सुरुवातीला त्यात मिडनाइट कमांडरचंच चित्रमय रूप वापरलं. २००१मध्ये त्याची जागा 'नॉटिलस'ने घेतली, एका पॅनलच्या. २०१०मध्ये नॉटिलसला दुसरं पॅनल जोडलं गेलं. २०१२मध्ये, साधेपणाच्या नावाखाली, ते काढून टाकलं. लोक वैतागले. लिनक्स मिंटवाल्यांनी नॉटिलसची जुनी प्रत घेऊन 'नेमो' नावाचा वेगळा संसारच थाटला. त्यात एफ३ दाबलं की दुसरं पॅनल येतं. के.डी.ई.च्या 'डॉल्फिन'मध्येही एफ३नेच खिडकी दुभंगते. साधं करणं आणि लपवणं यांत फरक असतो, हे डेस्कटॉप बनवणाऱ्यांना दर दहा वर्षांनी कुणीतरी सांगावं लागतं.

महाराष्ट्रात माझ्या पिढीने हे सगळं बघितलंच नाही. २००१नंतर गावोगावच्या केंद्रांमध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं. सरकारी नोकरीसाठी, बढतीसाठी लाखो लोकांनी ते केलं, आणि फाइल म्हणजे काय हे आपण 'माय कॉम्प्युटर'वर डबल-क्लिक करून शिकलो. (तो 'माय' नंतर गेला, बरं का. व्हिस्टामध्ये नुसतं 'कॉम्प्युटर' राहिलं, पुढे 'धिस पीसी' झालं.) त्यानंतरच्या पिढीने तर फोल्डरही सोडलं. २०२१मध्ये 'द व्हर्ज'ने एक लेख छापला होता. अमेरिकेतल्या प्राध्यापकांना जाणवलं होतं की विद्यार्थ्यांना 'फाइल कुठे ठेवली आहे?' हा प्रश्नच कळत नाही. फाइल कुठेतरी असते, शोधली की सापडते. तुम्ही हसाल, पण ही समजूत चुकीची म्हणता येत नाही. क्लाउडने जग खरोखर तसंच केलंय. एक्सप्लोररमध्ये दिसणारी फाइल कधी तुमच्या डिस्कवर असते, कधी नुसतं तिचं नाव असतं आणि फाइल दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर.

इतिहासकाराला इथेच अडतं. कागद काय सांगतो याइतकंच तो कुठे ठेवलेला होता, कशाशेजारी होता, हे महत्त्वाचं असतं. १८४१मध्ये फ्रान्समध्ये नियम झाला की एका संस्थेचे किंवा घराण्याचे कागद एकत्रच ठेवायचे. १८९८च्या डच हस्तपुस्तिकेने त्याला जोड दिली: मूळ क्रम मोडायचा नाही. आपल्याकडे पेशवे दफ्तराचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. १८१८नंतर ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८५२च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं हे ठरवायला त्यातले कागद कामाला लावले, आणि इतर दफ्तरांचे कागदही त्यात येऊन पडले. आज पुण्याला गेलात तर शाहू दफ्तर, घडणी, पागा, प्रांत अजमास अशा वर्गांतले रुमाल मागवता येतात. पण एखादा कागद त्या रुमालात कारकुनाच्या हाताने गेला की पुढे कमिशनच्या सोयीने, हे दर वेळी सांगता येत नाही. १९३०नंतर सरदेसायांच्या देखरेखीखाली त्यातून निवडक ४५ खंड छापले गेले. ते प्रचंड काम आहे. पण तिथेही कागद रुमालातून उचलून विषयाच्या खाली आला. कुणीतरी एफ६ दाबलं, आणि डावं पॅनल आता आपल्याला दिसत नाही.

हे रूपक फार ताणत नाही. पण ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ऑनलाइन कॅटलॉग जानेवारीपर्यंत बंद राहिला, तेव्हा इंडिया ऑफिसच्या कागदांवर काम करणाऱ्यांसाठी हा प्रश्न अगदी रोकडा झाला. ज्यांच्या फोटोंच्या नावात क्रमांक होता त्यांचं काम चालू राहिलं. ज्यांचे फोटो 'आयएमजी' होते ते थांबले. आम्हा पोस्टडॉक मंडळींना आणखी एक घोर असतो. करार दोन-तीन वर्षांचा. तो संपला की विद्यापीठाचं खातं बंद होतं आणि त्या खात्यातला क्लाउडही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात परत जायचं म्हणजे नवं अनुदान, नवी रजा, नवं तिकीट. तेव्हा फाइल माझ्या डिस्कवर आहे का, पूर्ण आहे का, आणि ती कुठून आली, ही तीन उत्तरं माझी मला देता आली पाहिजेत.

आता निवडीकडे येऊ. विंडोजवर असाल तर टोटल कमांडर घ्या. दिसायला १९९५च्या बँकेसारखा आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. लिनक्स असेल, किंवा घरी एक आणि ऑफिसात दुसरं यंत्र असेल, तर 'डबल कमांडर'. तो फुकट आहे, मुक्त आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो आणि टोटल कमांडरच्या वळणावर बांधलेला आहे. के.डी.ई. वापरणाऱ्यांना 'क्रुसेडर' आहे. मिडनाइट कमांडर मला मनापासून आवडतो, पण तो टर्मिनलमध्ये चालतो, आणि टर्मिनलला देवनागरी झेपत नाही. वेलांट्या आणि जोडाक्षरं आली की रकाने वाकडे होतात.

तीन गोष्टी बघा. पहिली, एका वेळी शेकडो फाइल्सची नावं बदलण्याची सोय. दोन्ही कमांडरांत कंट्रोल-एमने ती उघडते, आणि बदल करण्याआधी जुनं नाव आणि नवं नाव शेजारी-शेजारी दाखवते. दुसरी, दोन फोल्डरांची तुलना: डावीकडे काय जास्त आहे, उजवीकडे काय कमी आहे. तिसरी, चेकसम. फाइलच्या मजकुरावरून काढलेला हा लांबलचक आकडा मूळ आणि नक्कल यांचा सारखा आला, तर नक्कल बिनचूक. ही सोय दोन्हींत आहे आणि फारसं कुणी ती वापरत नाही.

चौथी कसोटी फक्त आपल्यासाठी. कुठल्याही परीक्षणात ती सापडणार नाही. 'कऱ्हाड' नावाचं एक फोल्डर करून बघा.

'ऱ्ह'मधला हा र युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे लिहिता येतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त करा. किंवा साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. कुठला कीबोर्ड कुठला प्रकार देईल याचा नेम नाही. त्यात मॅकच्या जुन्या डिस्कवर ऱ फोडून र आणि नुक्ता असाच साठवला जायचा. लिनक्स तर नुसते बाइट्स बघतं. मग होतं काय, की एका डिस्कवर हुबेहूब दिसणारी 'कऱ्हाड' नावाची दोन फोल्डरं शेजारी नांदू शकतात. एकात निम्मे फोटो, दुसऱ्यात उरलेले. शोधलंत तर एकच सापडतं आणि तुम्ही समजता, एवढंच होतं. एका खिडकीत हे वर्षानुवर्षं लक्षात येणार नाही. दोन पॅनल लावून तुलना केलीत, की डावीकडे कऱ्हाड आहे, उजवीकडे नाही, आणि उजवीकडे कऱ्हाड आहे, डावीकडे नाही, असं वेडगळ उत्तर येतं. तिथे गडबड पकडली जाते. वऱ्हाड, गोऱ्हे, दऱ्या, नोंदीत येणाऱ्या चौऱ्या, सगळ्यांना हे लागू आहे.

दुसरी अडचण लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर फाइलच्या नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'कऱ्हाड' म्हणजे सहा चिन्हं, १८ बाइट्स. एकूण ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. विंडोजवर मजेत ठेवलेलं 'सातारकर महाराजांचे...' असं ऐसपैस नाव लिनक्सवर नेताना अडकतं, आणि चांगला फाइल मॅनेजर तिथे थांबून विचारतो. क्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत ळ शेवटी, ह नंतर. युनिकोडच्या क्रमात तो ल आणि व यांच्या मध्ये बसतो. त्यामुळे यादीत 'ळ' शोधताना हात चुकीच्या जागी जातो.

मग मराठी नावं देऊच नयेत का? मी फोल्डरांना मराठी नावं देते आणि सोडणार नाही. मात्र प्रत्येक फोटोच्या नावात फक्त संग्रहाचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि कॅमेऱ्याचा मूळ क्रमांक असतो. कागदाचा विषय, तारीख, कुणी कुणाला लिहिलं, हे सगळं त्याच फोल्डरमधल्या एका साध्या मजकूर फाइलीत, मराठीत, हवं तेवढं ऐसपैस.

साधी मजकूर फाइल का, याचं उत्तर नॉटिंगहॅममध्येच आहे. १९७९च्या उन्हाळ्यात बेल लॅब्समध्ये जो कॉन्डन, ब्रायन कर्निहन आणि केन थॉम्पसन यांनी लिनोट्रॉन २०२ नावाच्या अक्षरजुळणी यंत्राची आतली रीत उलगडली आणि त्यावर एक टिपण लिहिलं. ते तेव्हा बाहेर आलंच नाही. जवळपास तीस वर्षांनी इथल्या विद्यापीठाचे स्टीव्हन बॅगली आणि डेव्हिड ब्रेल्सफर्ड यांनी कर्निहनसोबत ते पुन्हा उभं केलं आणि २०१३मध्ये त्या कामावर निबंध प्रसिद्ध केला. ब्रेल्सफर्ड तुम्ही 'कॉम्प्युटरफाइल'च्या व्हिडिओंत पाहिले असतील. या कामातली मेहनत सगळी एका गोष्टीची: मजकूर ज्या यंत्रावर आणि ज्या अक्षरांवर उभा होता, तेच उरलेलं नव्हतं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नव्वदच्या दशकातली मराठी फाइल उघडून बघा. काय म्हणतेय मी ते लगेच कळेल. फाइल सुखरूप असते, आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा. अशी फाइल कुणी दिली तर तिच्यासोबत तिचा फॉन्टही मागून घ्या आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

बाकी बसवल्यावर पहिल्या दिवशी करायचं एवढंच. कॅमेऱ्यातून आलेलं फोल्डर डाव्या पॅनलमध्ये उघडा आणि ते केवळ वाचण्यापुरतं राहील अशी खूण करून टाका. नाव बदलणं, लावणं, पुसणं, सगळं उजवीकडच्या नकलेवर. एफ६ला हात लावू नका. आणि कऱ्हाडचं फोल्डर मात्र आजच करून बघा, दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून.